आडनावाचा रकाना

मला नाव एकच. वार्तिनी. पुढे काही नाही, मागे काही नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या गावात सगळ्यांचं असंच असतं. बापाचं नाव कासमुरी, आईचं सुतिराह, आणि तिघांची नावं शेजारी शेजारी लिहिली तर ही एका घरातली माणसं आहेत हे कुणाला कळणार नाही. जन्मताना एक नाव मिळतं, ते मरेपर्यंत पुरतं. आडनाव लागतं ते वाडवडिलांनी मागे काही ठेवलंय अशांना.

परदेशी नियतकालिकाच्या फॉर्मला हे कोण सांगणार? ‘आडनाव’ या रकान्यापुढे लाल चांदणी होती आणि तो भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढचं पान उघडत नव्हता. आम्हा एकनाव्यांचा यावर जुना तोडगा आहे, तेच नाव दोनदा लिहायचं. मी ‘वार्तिनी वार्तिनी’ असं टाइप केलं, तर शेजारी बसलेले पाक सुदिब्यो खो खो हसले.

“हे नाव आहे की बहिऱ्याला हाक मारतेयस?”

पाक सुदिब्यो दानुकुसुमा म्हणजे माझे मार्गदर्शक, विद्यापीठातल्या मानववंशशास्त्र विभागाचे प्राध्यापक; फॉर्म त्यांच्याच खात्यातून भरत होतो. पाक म्हणजे बाप. पण आमच्याकडे मास्तरालाही पाकच म्हणतात, पोलिसालाही आणि रिक्षावाल्यालाही. त्यामुळे कोण कुणाचा कितपत बाप, हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

“मग काय लिहू, पाक?”

“माझं लिही. दानुकुसुमा. तिकडच्या गोऱ्यांना काय फरक पडतोय? त्यांचा रकाना भरला म्हणजे झालं. आणि तू काय मला परकी आहेस? लेकच आहेस माझी.”

माझा बाप मी शाळेत असतानाच गेला. त्यानंतर मला कुणी लेक म्हटलं नव्हतं. आई म्हणत नाही, ती नुसतं ‘ए’ म्हणते. मला ते गोड लागलं. आज सांगताना स्वतःचीच चीड येते, पण गोड लागलं हे खरं. मी एकेक अक्षर नीट बघून दानुकुसुमा असं टाइप केलं आणि पुढचं पान उघडलं.

निबंध माझ्या गावावर होता. आमच्या गावात समुद्र घरात राहायला आलाय. आधी भरतीला यायचा, मग जाईनासा झाला. लोक काही वर्षांनी माती आणि दगड आणून घराची जमीन उचलतात. छप्पर उचलायची ऐपत कुणाची नाही, म्हणून ते तिथेच राहतं. खिडकी आधी छातीशी असते, मग गुडघ्याशी येते. दाराची वरची चौकट कपाळाला लागायला लागते. माझी आई घरात सरळ उभी राहू शकत नाही, आणि तिची उंची ती काय, माझ्या खांद्याएवढी! मी घराघरांत जाऊन विचारलं की कुठला भराव केव्हा घातला. लोकांना साल आठवत नव्हतं. ते म्हणायचे, थोरलीच्या लग्नाआधी, म्हातारा गेला त्यानंतर. मी त्या लग्नांवरून आणि मयतांवरून गावाची जमीन किती वर आली ते मांडलं. असं आधी कुणी केलं नव्हतं. हे मी म्हणत नाही, नियतकालिकाच्या परीक्षकाने लिहिलं होतं.

पाक सुदिब्योंना मात्र पहिला खर्डा वाचून एकच प्रश्न पडला, “यात सिद्धान्त कुठाय?” मग दुसरा खर्डा झाला, तिसरा झाला. दर वेळी त्यांच्या खोलीबाहेर फरशीवर बसून वाट पाहायची. निरोप पाठवायचा तर आधी ‘वेळ घेतल्याबद्दल क्षमा असावी पाक, प्रकृती उत्तम असेल अशी आशा पाक,’ एवढं आरतीसारखं म्हणून मग मुद्द्यावर यायचं. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा उमटायच्या, उत्तर यायचं नाही. पाक स्वतः आलेच तर गाडीतून त्यांची बॅग आपण आणायची. तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षकांसाठी खाण्याचे डबे आपणच न्यायचे, आणि डब्यातला भाताचा लेम्पर शिळा निघाला की प्रबंधातल्या चुका वाढतात. यालाच आम्ही शिक्षण समजत होतो. शेवटी पाकनी निबंधाच्या सुरुवातीला सिद्धान्ताचं एक पान चिकटवलं आणि माझ्यामागे आपलं नाव. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती रीत आहे.

निबंध छापून आला. नियतकालिक नावं आखडून छापतं. वर होतं, डब्ल्यू. दानुकुसुमा, एस. दानुकुसुमा.

मी कागद घेऊन गावी गेले. आईला वाचता येत नाही. तिने कागद उजेडात धरला.

“यात तू कुठेयस?”

मी डब्ल्यूवर बोट ठेवलं.

“एवढीशीच?”

“एवढीच पुरते माक,” मी आईला म्हटलं.

“आणि मागे हे लांबलचक काय आहे?”

“ते सरांचं नाव. फॉर्मला आडनाव लागतं.”

“बापाचं का नाही लावलंस?”

“त्यांचं आडनाव कुठे होतं?”

मग तिने कागद घडी करून छपराच्या वाशात खोचला. तिला हात वर करावा लागला नाही, वासा खांद्याशीच होता. “यावर नोकरी लागेल ना?” तिने विचारलं.

लागणार होती. विभागात व्याख्यात्याची एक जागा निघणार होती आणि परदेशी नियतकालिकातला निबंध ही तिची अट होती. त्या वर्षीच्या मुलांत असा निबंध माझ्या एकटीचा होता. जागा मिळाली की शहरात दोन खोल्या घ्यायच्या आणि आईला तिकडे न्यायचं, एवढाच आमचा बेत. घाई होती. घराला आणखी एक भराव घातला असता तर आत फक्त कोंबड्या राहू शकल्या असत्या.

जागेची जाहिरात आली आणि तिच्यामागोमाग वेनिंग आली. पाक सुदिब्योंची मुलगी. नेदरलँड्समध्ये शिकून परतली होती. मला ती आवारातल्या कॅन्टीनमध्ये भेटली. स्वतः उठून माझ्या टेबलाशी आली.

“तू वार्तिनी ना? बाबांनी सांगितलं, गावात माहिती गोळा करायला तू खूप मदत केलीस. तुझ्या आईचं ते वाकून चालणं, अगं, वाचताना अंगावर काटा आला!”

“वाचताना?” मी म्हटलं. “म्हणजे छापून आल्यावर वाचलंत का तुम्ही ते?”

ती हसली आणि चहाचा ग्लास घेऊन निघून गेली. तिचं हसणं काही खोटं नव्हतं. तिला बहुतेक वाटत होतं की प्राध्यापकाच्या घरात निबंध होतात, तसा हाही एक झाला.

दुसऱ्या दिवशी उमेदवारांची यादी फळ्यावर लागली. वेनिंग दानुकुसुमा हिच्या नावापुढे माझा निबंध होता. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, परदेशी प्रकाशन, नाही.

मी तडक पाक सुदिब्योंच्या खोलीत शिरले. फरशीवर बसले नाही, दारही वाजवलं नाही.

“पाक, माझा निबंध वेनिंगताईंच्या नावावर लागलाय.”

“बस, बस. चहा घेणार?”

“नको. कचेरीला सांगा ना, चूक झाली म्हणून.”

“चूक कसली?” त्यांनी चष्मा पुसला. “डब्ल्यू. दानुकुसुमा असं छापलंय. वेनिंग डब्ल्यू. दानुकुसुमा नाही का? कचेरीने जे छापलंय ते वाचलं.”

“पण ती मी आहे!”

“तुझ्या ओळखपत्रावर दानुकुसुमा आहे?”

“तुम्हीच सांगितलंत लिही म्हणून!”

“मी प्रेमाने म्हटलं. टाइप कुणी केलं?” त्यांचा आवाज चढला नव्हता. शिकवायचे तसाच होता. “हे बघ पोरी, वेनिंगचं नोकरीचं वय उलटत आलंय. तुझ्यापुढे आयुष्य पडलंय. या वेळी तिचं होऊ दे. पुढच्या निबंधावर तुझं नाव पुरं घालू. घरातली गोष्ट घरात राहिली, बिघडलं काय?”

घरातली! त्यांच्या घरात मी आजवर फक्त मागच्या दाराने गेले होते, ईदला भांडी घासायला. आम्ही सगळ्याच विद्यार्थिनी जायचो. कुंपणच शेत खायला लागलं तर राखण कुणाकडे मागायची, असं लोक म्हणतात. मी मागितली. विद्याशाखेच्या नीतिमत्ता समितीकडे तक्रार दिली.

पुरुष पाक, तशी बाई बू. समितीच्या अध्यक्ष बू सेत्यारिनी कायदा शिकवायच्या आणि बोलायला सरळ होत्या. मी माझे खर्डे दाखवले. त्या म्हणाल्या, “खर्डे प्रत्येक मदतनिसाकडे असतात. नियतकालिकाला लिहिलं तर ज्याच्या खात्यातून फॉर्म आला त्यालाच ते विचारतात, आणि फॉर्म प्राध्यापकांच्या खात्यातून गेलाय. तुझ्या गावच्या सरपंचाकडून दाखला आण, की डब्ल्यू. दानुकुसुमा आणि वार्तिनी ही एकच व्यक्ती आहे. शिक्क्याचा कागद समोर आला की मला पुढे जाता येईल.”

माझ्या जिवात जीव आला. असले दाखले आमच्याकडे पावलापावलाला लागतात. आईचं नाव एका कागदावर सुतिराह आहे, दुसऱ्यावर नुसतं तिराह. ती दोन्ही एकच, असा दाखला सरपंचाने कधीचाच दिलाय. शेजारच्या म्हाताऱ्याला तर चार नावं आहेत आणि चारही शिक्क्यानिशी एक आहेत. मनात म्हटलं, झालं काम.

सरपंचाची कचेरी आता खांबांवर आहे, पाण्यावर टाकलेल्या फळ्यांवरून चालत जावं लागतं. आई सोबत आली. बाकावर दाखल्यांसाठी आलेले चारपाच जण बसले होते. सरपंचाने माझं म्हणणं ऐकलं, शिक्का काढला, पॅड उघडलं आणि थांबला.

“डब्ल्यू म्हणजे वार्तिनी, हे ठीक. पण दानुकुसुमा काय?”

“सरांचं आडनाव आहे.”

“ते कळलं गं. पण परक्याचं आडनाव बाईमाणसाला दोनच वाटांनी लागतं. एक तर तू त्यांची बायको, नाहीतर मुलगी.” त्याने पेनाचं टोक कागदावर ठेवलं. “कुठलं लिहू?”

बाकावरचा एक जण खोकला. दुसरा हसला.

“दोन्ही नाही. नुसतं फॉर्मसाठी लावलं होतं.”

“नुसतं नाव मी कसं देऊ? बायको लिहावं तर निकाहाचा कागद लागेल. मुलगी लिहावं तर...” त्याने आईकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. “कासमुरी माझा दोस्त होता. उद्या लोक सुतिराहताईंना काय विचारतील, ते मी सांगायला नको. घरी जा बाई. हा हट्ट सोड.”

शिक्का परत डबीत गेला. फळ्यांवरून परतताना आई माझ्या मागून येत होती. मी सरपंचाला शिव्या घालत होते, पाकना घालत होते, फॉर्म बनवणाऱ्यालाही सोडलं नाही. ती एका शब्दानेही बोलली नाही. मला वाटलं, लोक हसले म्हणून तिला लागलं.

सुनावणीला ती म्हणाली, मीही येते. पाहुणी म्हणून जायचं तसं ठेवणीतलं सारोंग नेसली, डोक्याला इस्त्रीचा रुमाल बांधला. मी तिला बाहेरच्या खुर्चीवर बसवलं आणि आत गेले.

आत समितीचे तिघे होते आणि पाक सुदिब्यो. त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघून, अगदी हळहळून बोलले. “हुशार मुलगी आहे. बापाविना वाढलेली. अशा मुली मार्गदर्शकात बाप शोधतात, आम्हा जुन्या शिक्षकांना हे नवं नाही. तिने माझ्या घराण्याचं नाव लावलं ते द्वेषाने नाही, मायेने लावलं असेल. माझी काही तक्रार नाही. मी तिला माफ केलं.”

मी आले होते चोरी सांगायला आणि मलाच माफी मिळाली. ज्याच्या हाती ससा तो पारधी! मी म्हटलं, “पाक, तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात.” बू सेत्यारिनींनी टेबलावर पेन टेकवलं.

“वार्तिनी, दाखला आणलास?”

“सरपंच देत नाहीत.”

“मग माझे हात बांधलेले आहेत. ते नाव तुझं असल्याचं कुणीतरी सांगितलं पाहिजे.”

थोडक्यात, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर.

तेवढ्यात दार उघडलं आणि आई आत आली. दार चांगलं उंच होतं, तरी ती चौकटीखालून वाकूनच आली. शिपाई तिच्या मागे धावला, तिने त्याला हाताने बाजूला केलं.

“मी सांगते,” ती म्हणाली. “पोरगी यांचीच आहे.”

“कुणाची, आई?” बू सेत्यारिनींनी विचारलं.

“या पाक सुदिब्योंची. माझ्या मालकाची नाही. आता लिहा तिचं नाव, आणि कागद तिचा तिला देऊन टाका.”

आई ताठ उभी होती. नमाज न चुकवणारी बाई, परक्या पुरुषासमोर रुमाल सरकला तरी दोन्ही हातांनी धरणारी. तिने हे सरपंचाच्या कचेरीतच ठरवलं होतं. फळ्यांवरून चालताना ती गप्प होती ती यासाठी.

मी पाक सुदिब्योंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. प्राध्यापक, घराणं, मशिदीच्या समितीवरचं पद, सगळं त्या एका वाक्याने गदगदा हललं होतं. समितीतला एक जण त्यांच्यापासून खुर्ची जरा दूर सरकवत होता. मला कळलं की मी फक्त गप्प बसायचंय. मी गप्प बसले की हा माणूस संपला. खरंखोटं ठरायला महिने जातील, तोवर वेनिंगची नेमणूक अडेल, आणि चौकशी नको म्हणून हेच मला निबंध आणून देतील.

मी गप्प बसलेही. किती वेळ, ते सांगता यायचं नाही. मला ते आवडत होतं. त्यांना असं बघायला मला फार आवडत होतं.

“वार्तिनी,” बू सेत्यारिनी म्हणाल्या, “तुझी आई सांगतेय ते खरं आहे का?”

मी आईकडे पाहिलं. तिचे डोळे सांगत होते, हो म्हण. शिपाई दारात उभा होता, ऐकत होता. संध्याकाळपर्यंत हे कॅन्टीनमध्ये जाणार होतं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या फळ्यांवर. बाजारात मासे घेताना, नळावर, बाया तिला वाट देतील आणि मग मागून बोलतील. आणि बाप. आमच्या घराचा पहिला भराव त्याने स्वतः डोक्यावरून माती आणून घातला होता, मला खांद्यावर बसवून तो तुडवला होता. ते मी निबंधात लिहिलंय. सिद्धान्ताच्या पानानंतरचं पहिलंच वाक्य आहे ते.

“खोटं आहे,” मी म्हटलं. “मी कासमुरींची मुलगी आहे.”

“म्हणजे तू दानुकुसुमा नाहीस.”

“नाही.”

“मग निबंधावर जी डब्ल्यू. दानुकुसुमा आहे...”

“ती मी नाही.”

बू सेत्यारिनींनी डोळे मिटले आणि उघडले. मग बाजूच्या कारकुनाला सांगितलं, “तक्रारदाराने स्वतः मान्य केलं, असं लिहा.” पाक सुदिब्योंनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला तो झटकायचं सुचलं नाही.

आई बाहेर पायऱ्यांवर उभी होती. मला वाटलं, ती मला जवळ घेईल. तिची अब्रू वाचवली होती मी, माझ्या हातातलं सगळं टाकून. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पायरी खाली थांबले.

“मी तोंडाला काळं फासून घेतलं होतं,” ती म्हणाली. “तू कशाला पुसलंस?”

“माक, बापाला काय वाटलं असतं?”

“बापाला?” ती ओरडली. येणारेजाणारे विद्यार्थी वळून बघायला लागले. “त्याची कबर गेल्या वर्षीच पाण्याखाली गेली. त्याला काय ऐकू येणार होतं? मला राहायला घर हवं होतं गं!”

ती पायऱ्या उतरून बस थांब्याकडे चालायला लागली, आणि मी तिच्या मागून गेले.